फेरातली मोकळी जागा

ही गोष्ट अगदी खरी आहे. शपथेवर सांगतो. कुणाची शपथ म्हणाल, तर माझ्या मिशीची. हे सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, अगदी पाहिलं असं नाही. पाहायला मी तिथे नव्हतो. तेव्हा मी नव्हतो, माझे आजोबा नव्हते आणि आजोबांना गोष्टी सांगणारेही नव्हते. मिशीही मी गेल्या शिमग्यालाच काढून टाकली. पण गोष्ट खरी आहे. लहानांनी पुढे सरकून बसावं, आणि मोठ्यांनी नेहमीसारखं, ऐकत नाही असं दाखवत ऐकावं.

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा होता. वीस-बावीस झोपड्या, एक ओढा आणि मोजायचा कंटाळा यावा इतक्या शेळ्या.

त्या पाड्यावर लग्न ठरलं की आधी भिंत ठरायची. नवरीच्या घरातली आतली भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने फेर काढायचा. फेर म्हणजे नाचाचा फेर. एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल नाचणारी सगळी वस्ती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं अंग झालं. वर वाटोळं डोकं, खाली काड्यांचे पाय. भिंतीवर फेर उमटल्याशिवाय अंगणात फेर धरायचा नाही, असा नियम होता. एकदा भिंत पुरी झाली की त्या खोलीच्या दाराला कापड बांधायचं आणि घरच्यांखेरीज कुणाला आत सोडायचं नाही, असाही नियम होता.

या फेराची एक गंमत होती. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या मध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी ठेवायची.

का? ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाकडे एकेक कारण होतं. कुणी म्हणे, वारा खेळायला. कुणी म्हणे, देव नाचायला आला तर त्याला. पाड्याचा कारभारी म्हणे, "देव नाही नि वारा नाही. पहिल्या बाईचं पीठ संपलं असणार. तिचं पीठ संपलं आणि आपण पिढ्यान् पिढ्या तिचा कमीपणा गिरवतोय."

आता आणखी एक रीत सांगतो, तीही ध्यानात ठेवा. लग्नाच्या पाचव्या दिवशी नवरी निघाली की ती पिठाच्या पाण्यात तळहात बुडवायची आणि आईच्या पाठीवर पंजा उमटवायची. पंजा उमटला की माहेर पक्कं झालं. पंजा उमटला नाही तर त्या मुलीला माहेर नाही, आणि त्या आईला लेक नाही.

तर त्या पाड्यावर रेवली नावाची एक बाई भिंती काढायची. तिच्यासारखा हात आसपास कुणाचा नव्हता. काड्यांची माणसं, ना नाक ना डोळे. पण बघणारा लगेच ओळखायचा, ही सुकरी, हा कारभारी. रेवलीच्या नवऱ्याचा, गोमाचा, डावा गुडघा दुखायचा. तो चित्रातही दुखायचा.

भिंत पुरी झाली की रेवली हात धुऊन अंगणात यायची आणि फेरात सगळ्यांत शेवटी शिरायची. नणंद सुकरी तिला हाक मारायची, "ये गं वहिनी, तुझी जागा ठेवलीय." या हाकेचा आणि भिंतीवरच्या मोकळ्या जागेचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

रेवलीला एकच मुलगी, तानी. लहानपणी तानीचे पाय अशक्त होते. सात वर्षांची होईपर्यंत ती जमिनीवर कमी आणि आईच्या पाठीवर जास्त राहिली. ओढा, रान, शेळ्या, चांदणं, सगळं जग तिने पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या खांद्यावरून. पुढे पायांत बळ आलं, मुलगी उंच झाली आणि ओढ्यापलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं.

त्या लग्नाची भिंत रेवलीने तीन दिवस खपून काढली. शेवटच्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, विहीणबाई बघायला आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी भिंत वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण फेर उघडाच?"

"आमच्यात असाच काढतात, विहीणबाई."

"काढा बाई. मुलगी तुमची, भिंत तुमची. आमच्याकडे कुंपणाला एवढंसं भगदाड राहिलं तरी शेळी निसटते. उद्या सून निसटली तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"तसं काही होत नाही. जुनी रीत आहे."

"असेल हो." विहीणबाई दारात थांबल्या. "तांदूळ कमी पडले असतील तर आधी सांगायचं होतं. आम्ही दिले असते दोन पायल्या. आता आपण परक्या का आहोत?"

एवढं बोलून त्या हसत हसत अंगणात गेल्या.

रेवलीच्या कानशिलात आग पेटली. तांदूळ कमी? माझ्या घरी? तिने काडी पुन्हा उचलली. पण जागेत काढायचं कुणाला? सुकरी काढून झाली होती, गोमा झाला होता, तानी झाली होती, कारभाऱ्याचा न आवडणारा भाचासुद्धा झाला होता. उरलं कोण?

तिने स्वतःला काढलं. हनुवटी वर, अंबाडा उंच, हातात पाच बांगड्या, डावा पाय किंचित आत वळलेला. एका बाजूचा हात सुकरीच्या कमरेला, दुसऱ्या बाजूचा तानीच्या. फेर पुरा झाला.

काडी खाली ठेवताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तिने वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मग तिने भिंतीकडे पाहिलं. त्या चित्राला डोळे नव्हते, आणि तरी बघत होतं ते तेच. आढ्याला पाल चुकचुकली.

रेवली हात धुवायला बसली. पांढरा रंग निघाला. मग आणखी निघाला. तांब्या संपला, तरी बोटांतून पांढरं पाणी येतच होतं.

ती अंगणात आली तेव्हा ढोल लागला होता. भर ऊन, सावल्या पायांखाली गेलेल्या. फेर फिरत होता. पण आज हाक आली नाही. रेवली सुकरीजवळ गेली आणि म्हणाली, "सुकरे, सरक ना. मी कुठे शिरू?"

सुकरीने नाचता नाचताच मान वळवली. "पाहुणीबाई, फेर भरलाय हो. मांडवात बसा सावलीला. कुठल्या गावच्या तुम्ही?"

"थट्टा पुरे गं."

"थट्टा कशाला करू? ओळख ना पाळख." आणि फेर पुढे सरकला.

तेव्हा रेवलीला दिसलं. सुकरीच्या आणि तानीच्या मध्ये ती स्वतः नाचत होती. हनुवटी वर, अंबाडा उंच, डावा पाय आत. सगळे घामाने निथळत होते. ती एकटी कोरडी होती.

बघा, भूत आलं असतं तर लोक ओरडले असते, पळाले असते, लिंबू-मिरच्या आणल्या असत्या. इथे कुणी ओरडलं नाही, हीच तर भीतीची गोष्ट. उलट ती दुसरी सगळ्यांना फार आवडली. ती बोलत नव्हती. लोक म्हणाले, मुलगी चाललीय, घसा दाटलाय. ती दमत नव्हती. लोक म्हणाले, आईची माया. ती कुणाकडे कधी पाठ करत नव्हती. खोलीतून निघायची तीसुद्धा तोंड आपल्याकडे ठेवून, मागे मागे सरकत. लोक म्हणाले, काय ही मर्यादा! विहीणबाई तर मधे शिरून दिवस मावळेपर्यंत तिच्याच कमरेला हात घालून नाचल्या. आणि गोमा मांडवात कारभाऱ्याला म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं."

रेवलीने गोमाला गाठलं. "अहो, मी. तुमचा डावा गुडघा रात्रंदिवस चोळून देते ती मी."

गोमा ओशाळून म्हणाला, "पाहुणीबाई, माझा गुडघा साऱ्या पाड्याला माहीत आहे. भिंतीवर आहे तो."

ती खोलीच्या दाराशी धावली. हात फिरवला की चित्र पुसलं जाईल! पण दारात सुकरी आडवी. "घरच्यांखेरीज कुणाला सोडायचं नाही. आमच्या वहिनीची फार सक्त ताकीद आहे, पाहुणीबाई." आणि ताकीद खरंच होती. रेवलीनेच दिली होती.

शेवटी ती तानीपुढे जाऊन उभी राहिली. नाव सांगून उपयोग नाही, हे एव्हाना तिला कळलं होतं; नुसते डोळे वाहू लागले. तानीने तिच्यापुढे पानावर भात ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच म्हणाली, "मावशी, रडू नका. तुमच्या लेकीचंही लग्न होईल."

हे ऐकून रेवलीने पान तसंच बाजूला सारलं.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून लवंडले असताना, रेवली शेळ्यांच्या गोठ्यात कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. उद्या तानी निघणार. उद्या ती पंजा उमटवणार, आणि तो त्या दुसरीवर उमटणार. मग संपलं. इतक्यात कुडावरून आवाज आला.

"चुक् चुक्. चुकलंच तुझं."

कुडावर पाल होती. जाडजूड, शेपटी तुटलेली.

"तू बोलतेस?" रेवली म्हणाली.

"मी रोज बोलते. तुम्हाला वाटतं, शकुन सांगते. भिंतींवर राहतो आम्ही, भिंतींचं आम्हाला कळणार नाही तर कुणाला? त्या डोंगरातल्या गुहेत माझ्या आजीची आजी राहायची. जगातली पहिली भिंत तिने पाहिली."

"मग सांग. ती जागा का सोडतात?"

"आधी एक कबूल कर. सारवताना भिंतीच्या सगळ्या भेगा लिंपतेस तू. एखादी ठेवत जा. आम्ही जायचं कुठे?"

"ठेवीन. सांग."

पाल थोडी खाली सरकली. "तेव्हा घरं नव्हती, शेती नव्हती. दिवस मावळताना माणसं गुहेपुढे विस्तव पेटवायची आणि त्याच्याभोवती फेर धरायची. सगळी नाचायची. पण तो नाच पाहिलेला कुणीच नव्हता. कसा असणार? सगळेच आत. एके दिवशी एका बाईला तहान लागली. तिने दोन्हीकडचे हात सोडले, ओढ्यावर गेली, पाणी प्यायली आणि मागे वळली. तिला फेर दिसला. माणसाने माणसांना असं पहिल्यांदाच पाहिलं. तिला ते फार सुंदर वाटलं, आणि लगेच तिला भीती वाटली."

"भीती कशाची?"

"इतकं सुंदर, आणि त्यात मी नाही, याची. तिने पांढरी माती उचलली आणि खडकावर सगळी माणसं काढली, जशी दिसली तशी. आणि जिथून हात सोडून ती बाहेर आली होती, ती जागा तशीच ठेवली. मग जाऊन त्याच जागेतून आत शिरली. कळलं? पीठ संपलं नव्हतं तिचं. जो काढतो त्याची ती जागा. बाहेर येऊन बघायचं असेल, तर परत जायला वाट ठेवावी लागते. त्या वाटेनेच चित्रातली माणसं चित्रात राहतात आणि अंगणातली अंगणात. तू ती वाट बुजवलीस, आणि बुजवलीस तीही स्वतःलाच लावून."

रेवलीने आपली बोटं पदराला पुसली. मग तिने विचारलं, "तिने माझं काय काय नेलं?"

"जे तू काढलंस ते. हनुवटी, अंबाडा, बांगड्या, पाय, तुझी सगळी ओळख."

"आणि जे मी काढलं नाही?"

"ते तुझ्याकडेच असणार. काय राहिलंय, ते मात्र तूच शोध. मला माशी दिसलीय." आणि पाल गेली.

पाचव्या दिवशी, ऊन कलायच्या आत, नवरी निघाली. अंगणात सगळे गोल उभे राहिले. परातीत पिठाचं पाणी आलं. तानीने उजवा तळहात बुडवला आणि त्या दुसरीपुढे जाऊन म्हणाली, "आई, पाठ कर."

ती हलली नाही.

"वहिनी, अगं पाठ कर," सुकरी म्हणाली. "वेळ टळतेय."

ती तशीच उभी, हनुवटी वर, तोंड तानीकडे. तानी हसली आणि स्वतःच तिच्या मागे जायला निघाली. ती तानीबरोबर फिरली. तानी भरभर फिरली, तीही भरभर फिरली. पाय उचललेले दिसत नव्हते. अंगणातलं हसणं हळूहळू थांबलं.

"थांब, मी धरते," म्हणत सुकरी पलीकडून गेली. तानी एका बाजूला, सुकरी दुसऱ्या बाजूला, आणि मधे ती.

"दिसली पाठ?" सुकरीने विचारलं.

"नाही, आत्या. तिचं तोंड माझ्याकडे आहे."

सुकरी एक पाऊल मागे सरली. "तानी... तिचं तोंड माझ्याकडे आहे गं."

शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. तानीचा हात हवेत राहिला. पिठाचे थेंब तिच्या कोपरावरून टपकत होते. विहीणबाई कुजबुजल्या, "आटपा. कुठेही लाव तो पंजा. खांद्याला लाव." तानीने हात पुढे केला. ती दुसरी पहिल्यांदाच थोडी पुढे झुकली.

तेव्हा मागून एक बाई आली. तीच, चार दिवस मांडवात रडत बसलेली पाहुणी. ती काही बोलली नाही. तिने आपलं तोंड दाखवलं नाही, नाव सांगितलं नाही. ती तानीपुढे आली आणि वळून, पाठ करून खाली बसली. सात वर्षांच्या पोरीला पाठीवर घ्यायला बसतात तशी.

तानीने त्या पाठीकडे पाहिलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. मानेखाली तो खोलगट भाग, जिथे गाल टेकला की ओढ्याचा आवाज पाठीतून ऐकू यायचा. तोंड तिला परकं होतं. पण या पाठीवर तिने सात वर्षं काढली होती, आणि ही पाठ कुठल्याही भिंतीवर कुणी काढली नव्हती.

"आई," ती म्हणाली, आणि तिने पंजा उमटवला.

घरात काहीतरी धप्पकन पडलं. सुकरी धावली. भिंतीवरच्या फेरातून, अगदी एका माणसाएवढ्या जागेतलं लिंपण निखळून खाली आलं होतं. ती परत अंगणात आली, तर सगळे रेवलीकडे बघत होते आणि तिला नावाने हाका मारत होते. गोमा रडत होता आणि त्याचं वाक्य पुरं होत नव्हतं. जिथे ती दुसरी उभी होती तिथे मूठभर पांढरं पीठ पडलं होतं. शेळ्यांनी ते हुंगलं आणि मागे सरल्या.

तानी सासरी गेली, तिला माहेर राहिलं. पण सगळंच पहिल्यासारखं झालं नाही. त्यानंतर आयुष्यभर लोकांना रेवलीचं तोंड ओळखायला क्षणभर उशीर व्हायचा. रस्त्यात भेटलेला माणूस आधी थबके, मग हसे. तो एक क्षण तिला रोज भोगावा लागला. विहीणबाईंचा उजवा तळहात, जो त्या दुसरीच्या कमरेला होता, तो पांढरा झाला तो पांढराच राहिला. कुणी विचारलं की त्या म्हणत, पीठ लागलंय. आणि त्यांनीच आपल्या गावात सक्ती केली, की फेर काढाल तो उघडा काढा. का, ते सांगितलं नाही. त्यामुळे तिथेही आता लोक म्हणतात, पहिल्या बाईचं पीठ संपलं असणार.

रेवलीने पुढे पुष्कळ भिंती काढल्या. प्रत्येक फेरात जागा सोडली आणि प्रत्येक भिंतीत एक भेग.

तात्पर्य: जगण्याचं चित्र कितीही हुबेहूब काढा, पण त्यातून जगण्याकडे परत यायची वाट बुजवू नका.

आता कबुली देतो, नाहीतर मला झोप लागायची नाही. या गोष्टीत एक भाग मी पदरचा घातलाय. पाल बोलली नव्हती. पाली कशा बोलतील? मला ही गोष्ट ज्याने सांगितली, त्याच्या गोष्टीत गोठ्यात पाल नव्हतीच. रेवली तिथे एकटीच बसली होती, आणि तो सगळा वेळ तिच्याशी बोलत होता तो पाठीमागचा कूड. मला ते सांगताना भीती वाटली, म्हणून मी पाल घातली. बाकीचं सगळं खरं आहे.